साखळीचं शेवटचं टोक

मुलांनो, वाण्याकडून तांदळाची मोठी गोण घरी आली, की एक गंमत बघायला मिळते. गोणीचं तोंड जाड पांढऱ्या दोऱ्याने शिवलेलं असतं. कुणी कात्री शोधायला धावतं, कुणी सुरी आणतं. दोरा इथे कापतात, तिथे कापतात. चांगली दहा मिनिटं झटापट होते आणि शेवटी गोणच फाटते, मूठभर तांदूळ फरशीवर! पण घरात एखादी जाणती आजी असेल, तर ती शांतपणे येते. गोणीच्या एका कोपऱ्यातलं दोऱ्याचं टोक मोकळं करते, चिमटीत धरते, ओढते आणि सर्रर्र! अख्खी शिवण एका दमात उसवते. गोणीला ओरखडासुद्धा नाही आणि लांबच लांब दोरा आजीच्या हातात. तो ती गुंडाळून ठेवते, बरं का. पुढे कशाकशाला उपयोगी पडतो.

ही जादू कसली? ही आहे साखळी टाक्याची करामत. शाळेत भरतकाम शिकलेल्या मुलींना, आणि हो, मुलांनाही, हा टाका ठाऊक असेल. रुमालावर फुलांचे देठ काढायला तो वापरतात. पण हाच टाका यंत्रावरही घालता येतो. आणि तो काही फक्त गोणीवर नसतो. तुमच्या जीन्सवर असतो, शाळेच्या पँटवर असतो, शर्टाच्या कुशीलाही असू शकतो. म्हणजे ज्या टाक्याने आजी गोण सोडवते, तोच टाका घालून तुम्ही दिवसभर उड्या मारत असता!

आता तुम्ही म्हणाल, "बाप रे! मग आमची पँट पण अशीच सर्रकन उसवली तर?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. मी घरी शिवणकाम करते, आणि हाच प्रश्न घेऊन एकदा माझा सातवीतला भाचा माझ्याकडे आला होता. त्याची हकिगत सांगणारच आहे. पण आधी एक छोटासा प्रयोग करा. त्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही.

एक मीटरभर सुतळी घ्या. एका टोकाशी गाठ मारून बोट जाईल एवढा एक फास करा. आता त्या फासात बोट घालून सुतळीचा लांब भाग थोडासा आत ओढा. झाला दुसरा फास. पहिला फास हळूच आवळा. मग दुसऱ्यातून तिसरा ओढा, तिसऱ्यातून चौथा. दहा-बारा फास झाले, की तुमच्या हातात एक छान वेणी दिसेल. आई क्रोशाच्या सुईने हेच करते. तिची सुई म्हणजे तुमचं बोट!

आता गाठीकडचं, म्हणजे सुरुवातीचं टोक धरून ओढा. काही होत नाही. मग शेवटचं टोक ओढा. पटापट, पटापट सगळे फास सुटले! दहा मिनिटांची मेहनत दोन सेकंदांत संपली.

वाईट वाटून घेऊ नका. पुन्हा वेणी घाला. पण या वेळी शेवटी नवा फास करू नका. सुतळीचं उरलेलं टोकच शेवटच्या फासातून आरपार काढा आणि घट्ट ओढा. आता पाहिजे तेवढा जोर लावा. वेणी सुटणार नाही. ताणली मात्र जाईल, आणि सोडली की पुन्हा थोडी आखडेल.

साखळी टाक्याचं सगळं गुपित या सुतळीत आहे. प्रत्येक कडीला तिच्या पुढची कडी धरून ठेवते. शेवटच्या कडीला धरायला मात्र पुढे कुणीच नसतं. म्हणून ती आपण बांधायची असते.

आता भाचेबुवांची हकिगत.

त्यांच्या शाळेची राखाडी पँट तयार विकत आणलेली होती. पँट लांबीला बरोबर, पण कंबरेला ढगळ. दुकानातच कंबर कमी करून मिळाली. दोन आठवडे सगळं ठीक चाललं. मग एके दिवशी खेळाच्या तासाला खो-खो सुरू होता. आमचे भाचेबुवा खांबाजवळ उकिडवे बसले होते. पाठीवर थाप पडली, "खो!" हे उठले आणि मागची शिवण वीतभर उसवली. पुढे काय झालं असेल ते तुम्हांला सांगायला नको. सगळं मैदान हसलं. बिचाऱ्याने उरलेला दिवस दप्तर पाठीमागे धरून काढला.

संध्याकाळी पँट कागदात गुंडाळून स्वारी माझ्याकडे आली. चेहरा एवढासा झालेला. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर उभं राहून प्रतिज्ञा सांगायची पाळी त्याची होती. दुसरी पँट गेल्या वर्षीची, घोट्याच्या वर जाणारी.

"मावशी, मी उद्या शाळेत जाणारच नाही. आणि ही पँट तर कधीच घालणार नाही. हलक्या प्रतीची शिलाई आहे, असं बाबा म्हणाले."

मी म्हटलं, "आधी तिची तपासणी तर करू. डॉक्टरसुद्धा नाडी बघितल्याशिवाय औषध देत नाहीत."

पँट आम्ही उलटी केली आणि दिव्याखाली धरली. तुम्हीही घरातली एखादी तयार पँट उलटी करून बघा. मागच्या शिवणीवर एका बाजूने टाके साधे दिसतात, एकापुढे एक, मुंग्यांच्या रांगेसारखे. दुसऱ्या बाजूने मात्र बारीक वेणी दिसते. ती वेणी दिसली, की समजायचं, हा साखळी टाका.

भाच्याच्या पँटवर ही वेणी पुढून निघून कंबरेकडे जात होती. पण कंबरेपर्यंत पोचत नव्हती. कंबर कमी करताना शिवणीचा वरचा भाग उसवला होता आणि वेणी मधेच कापली होती. वरचा नवा भाग साध्या मशीनवर शिवला होता. टाके चांगले सरळ होते, घट्टही होते. पण नवी शिवण जिथे सुरू झाली आणि जुनी साखळी जिथे कापली, त्यांच्या मधे बोटभर जागा सुटली होती. साखळीची शेवटची कडी उघडीच राहिली. दोन आठवडे उठता-बसता ती एकेक कडी सोडत होती. खो-खोच्या मैदानावर बाकीच्याही सुटल्या.

"म्हणजे हा टाकाच वाईट ना?" भाच्याने विचारलं.

"टाका वाईट नाही रे. त्याचं टोक कुणी बांधलं नाही, एवढंच."

"मग असला टाका घालायचाच कशाला? साध्या मशीनवर शिवलं की झालं!"

हेही खरं वाटतं, नाही का? म्हणून दोन्ही टाक्यांमधला फरक समजून घेऊ.

घरच्या साध्या मशीनवर दोन दोरे असतात. एक वर, सुईत. दुसरा खाली, बॉबीनवर. दोन्ही दोरे कापडाच्या पोटात एकमेकांना अडकतात. दोन मित्रांनी बोटात बोट अडकवावं, तसे. हा टाका कुठूनही सहजासहजी उसवत नाही. पण तो ताठ असतो. कापड ताणलं, की दोऱ्याला ताणायला जागाच नसते. मग तो तट्‌कन तुटतो. शिवाय बॉबीन असते एवढीशी. तिच्यावरचा दोरा सारखा संपतो, पुन्हा भरावा लागतो.

साखळी टाक्यात बॉबीन नसतेच. वरचा दोरा आणि खालचा दोरा, दोन्ही थेट मोठाल्या कोनांवरून येतात. एकेका कोनावर हजारो मीटर दोरा असतो. आणि वेणीच्या फासांमध्ये दोरा जास्त मावतो. एक मीटर शिवण घालायला साध्या टाक्याला साधारण अडीच मीटर दोरा लागतो. दोन दोऱ्यांच्या साखळी टाक्याला साधारण साडेपाच मीटर! हा जास्तीचा दोरा फुकट जात नाही. तुम्ही उकिडवे बसता, सायकलवर टांग टाकता, तेव्हा शिवण ताणली जाते. त्या वेळी तो उपयोगी पडतो. म्हणून पँटच्या मागच्या शिवणीला, जिथे सगळ्यात जास्त ताण येतो, तिथे साखळी टाका मुद्दाम घालतात. तयार पँट शिवणाऱ्यांनी तो टाका आळसाने घातलेला नव्हता. भाच्याला हे पटलं. निदान त्याने नाक मुरडणं थांबवलं.

आता दुरुस्ती. माझ्याकडे साध्या मशीनखेरीज एक ओव्हरलॉक मशीन आहे. बाजारात याला कुणी 'ओव्हरलॉक' म्हणतं, कुणी 'इंटरलॉक'. अमेरिकेत 'सर्जर' म्हणतात. ब्लाउजच्या किंवा पँटच्या आत कापडाची कड दोऱ्यांनी गुंफलेली असते ना, सुतं निघू नयेत म्हणून? ते काम या मशीनचं. कापडाची कड कापत कापत ते गुंफत जातं. माझ्या मशीनवर पाच दोरे लावता येतात. तीन दोरे कडेच्या गुंफणीचे आणि दोन साखळीचे. कारखान्यात पाचही दोरे एकदम चालतात. एकाच फेरीत आत साखळीची शिवण आणि बाहेर गुंफलेली कड, दोन्ही कामं होतात. आम्हांला मात्र फक्त साखळी हवी होती. त्यासाठी मशीन वेगळं मांडून घ्यावं लागतं.

"मला शिकव," भाचा म्हणाला. मघाचा एवढासा चेहरा आता जरा मोठा झाला होता.

पहिलं काम म्हणजे प्लग काढणे. नुसतं बटण बंद करून भागत नाही. या मशीनला सुरी असते, आणि पायाखालचं पॅडल चुकून दाबलं गेलं तर ती बोट आणि कापड यांत फरक करत नाही. तुमच्या घरी असं मशीन असेल, तर मोठं माणूस शेजारी असल्याशिवाय हात लावायचा नाही. हे वाक्य दोनदा वाचा!

दुसरं काम, ती सुरी मिटवून ठेवणे. साखळी घालताना कड कापायची नसते. सुरी चालू राहिली, तर शिवणीबाहेर सोडलेलं कापड ती खाऊन टाकेल. शिंपीदादा त्या जास्तीच्या कापडाला काय म्हणतात, ठाऊक आहे? 'माया'! शिवणीत माया सोडलेली असते, म्हणून तर पुढच्या वर्षी कपडा थोडा सैल करता येतो.

तिसरं काम सुईचं. कडेच्या गुंफणीच्या सुया काढून ठेवल्या आणि साखळीच्या सुईची जी वेगळी जागा असते, तिथे नवी कोरी सुई बसवली. माझ्या मशीनला सुईची सपाट बाजू मागे ठेवावी लागते. सुई पार वरपर्यंत सरकवायची आणि मगच स्क्रू आवळायचा. ती केसभर जरी खाली राहिली, तरी टाके चुकतात. आपण जिन्याची एक पायरी चुकलो तर कसे कोलमडतो? साखळीतला एक टाका चुकला, तर तीही तशीच कोलमडते. कारण मागच्या कडीला धरायला पुढची कडीच आलेली नसते.

चौथं काम दोरे ओवण्याचं, आणि इथे भल्याभल्यांच्या संयमाची परीक्षा होते. या मशीनच्या पोटात बॉबीनच्या जागी 'लूपर' नावाचा एक वाकडा पोलादी हात असतो. त्याच्या टोकाशी दोरा ओवायला भोक असतं. कोनावरून निघालेला दोरा आधी वरच्या आकड्यातून, मग ताण देणाऱ्या दोन चकत्यांच्या मधून, मग पोटातल्या वळणावळणांनी लूपरपर्यंत न्यायचा. बोटं आत पोचत नाहीत. चिमट्याने दोरा धरावा लागतो. वाटेवर रंगीत ठिपके दिलेले असतात. लाल ठिपक्यांची वाट एका दोऱ्याची, निळ्या ठिपक्यांची दुसऱ्याची. एखादा आकडा सुटला, तर मशीन कुरकुर करतं.

आणि क्रम लक्षात ठेवायचा: आधी लूपर, मग सुई. उलटं केलं, तर सुईचा दोरा लूपरच्या दोऱ्याखाली अडकून बसतो आणि पहिल्या दोन-चार टाक्यांतच कुठला तरी दोरा तुटतो. बूट आधी आणि मोजे नंतर घालून कसं चालेल?

मी मुद्दाम लूपरला लाल दोरा लावला आणि सुईला पांढरा. मग टाक्याची लांबी तीन मिलिमीटरवर ठेवली, जाड कापडाची एक चिंधी दुहेरी करून पायाखाली घेतली आणि भाच्याला म्हटलं, "प्लग नंतर लावू. आधी हातचाक फिरव. सावकाश, स्वतःकडे. आणि खाली बघ."

त्याने काय बघितलं ते सांगते. सुई पांढरा दोरा घेऊन कापडातून खाली गेली. वर परतायला लागली, तेव्हा तिच्या मागे दोऱ्याचा एक छोटासा फुगवटा तयार झाला. त्याच क्षणी लूपर आपला लाल दोरा घेऊन त्या फुगवट्यात शिरला. सुई वर निघून गेली. खालच्या दात्यांनी कापड एक टाका पुढे सरकवलं. सुई पुन्हा खाली आली, ती नेमकी लूपरजवळ तयार झालेल्या लाल दोऱ्याच्या फटीत. मग लूपर मागे सरकला, आधीचा पांढरा फास त्याच्यावरून सुटला, आणि लाल दोरा मात्र सुईच्या नव्या दोऱ्यात अडकून राहिला. पुन्हा लूपर पुढे, पुन्हा सुई वर.

"मावशी! हे तर सुतळीसारखंच करतंय. माझं बोट म्हणजे लूपर!"

बरोबर ओळखलं. फरक एवढाच, की कारखान्यातलं मशीन हा उद्योग मिनिटाला पाच हजारांहून जास्त वेळा करतं.

चिंधी काढून बघितली. वरून पांढऱ्या टाक्यांची सरळ रांग, खालून लाल वेणी. आता तिची परीक्षा. शिवणीच्या दिशेने कापड ओढून बघितलं. दोरा 'तट्' म्हणाला असता, तर ताण फार आहे असं समजून चकत्या थोड्या सैल केल्या असत्या. शिवण उघडून दोन कापडांच्या मधे टाके शिडीसारखे दिसले असते, तर सुईचा दोरा सैल आहे असं समजलो असतो. आमची चिंधी पास झाली. मग लाल आणि पांढऱ्या दोऱ्याच्या जागी पँटच्या रंगाचा राखाडी दोरा लावला.

हे सगळं चालू असताना भाच्याची प्रश्नांची गाडी धडधडत होतीच. "हा टाका यंत्रावर पहिल्यांदा कुणी घातला?"

त्याचीही एक गोष्ट आहे. फ्रान्समध्ये बार्तेलेमी तिमोनिए नावाचा एक शिंपी होता. १८३० साली त्याने शिवणयंत्राचं पेटंट घेतलं. ते यंत्र होतं बहुतेक लाकडाचं, आणि त्याची सुई आकड्याची होती. आपल्याकडे कच्छचं मोची भरत ज्या आकड्याच्या सुईने काढतात, ती 'आरी' तुम्ही पाहिली असेल. काहीसा तसाच प्रकार. ते यंत्र साध्या टाक्याचं नव्हतं. एका दोऱ्याचा साखळी टाका घालत होतं! पॅरिसमध्ये अशी सुमारे ८० यंत्रं बसवली गेली. आणि त्यांच्यावर काय शिवत होते? गणवेश! फ्रान्सच्या सैनिकांचे.

पण हाताने शिवणाऱ्या शिंप्यांना धडकी भरली. यंत्रं सगळं शिवायला लागली, तर आपल्या मुलाबाळांनी खायचं काय? १८३१ साली त्यांच्या जमावाने कारखान्यात घुसून यंत्रं मोडून टाकली. तिमोनिए पुढेही यंत्रात सुधारणा करत राहिला. पण त्याला पैसा काही मिळाला नाही. १८५७ साली तो गरिबीतच वारला.

पुढे १८४६ साली अमेरिकेत एलियास होवेने दोन दोरे कापडात अडकवणाऱ्या टाक्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. आपल्या घरची साधी मशीनं त्याच घराण्यातली. आणि १८५१ साली बोस्टनच्या ग्रोव्हर आणि बेकर या दोघांनी दोन दोऱ्यांच्या साखळी टाक्याचं पेटंट घेतलं. आम्ही पँटवर घालणार होतो, तो टाका याच जातीचा. कड गुंफणाऱ्या ओव्हरलॉक मशीनचं पेटंट अमेरिकेतल्या मेरो यांनी १८८९ साली घेतलं.

"तिमोनिएची यंत्रं मोडणारे शिंपी वाईट होते का?" भाच्याने विचारलं.

मी जरा विचारात पडले. मीही शिवणकाम करूनच चार पैसे मिळवते. म्हटलं, "वाईट नसावेत. घाबरलेले होते. पण तिमोनिएही वाईट नव्हता. तोही शिंपीच होता." भाचा गप्प बसला. असे प्रश्न एका संध्याकाळीत सुटत नाहीत.

पँटचं काम मात्र सुटण्यासारखं होतं. आधी जुन्या साखळीचं उघडं टोक शोधलं. तिचे दोन्ही दोरे उलट्या बाजूला घेऊन त्यांची गाठ मारली. वरची साधी शिवण उसवली आणि कंबरेची पट्टी मागच्या बाजूने थोडी मोकळी केली. कापडाच्या दोन्ही बाजू टाचण्यांनी जोडल्या. या मशीनवर टाचण्या शिवणीपासून लांब, आडव्या न लावता उभ्या लावाव्यात, आणि पायाजवळ यायच्या आत काढून घ्याव्यात. सुई टाचणीवर आपटली, तर तुकडा डोळ्यात उडू शकतो.

मग प्लग लावला. सुरुवात जुन्या साखळीवरूनच केली, दोन इंच आधीपासून. म्हणजे नवी शिवण जुनीवर चढली आणि मधे फट राहिली नाही. वळणावर कापड ओढायचं नाही, नुसतं दिशा दाखवायची. चालवतं मशीनच. कंबरेच्या टोकाला पोचल्यावर तिथेच थांबलो नाही. पुढे एक चिंधी लावून ठेवली होती, तिच्यावर चार टाके गेलो. माझ्या या मशीनला उलटा टाका नाही. साध्या मशीनवर आपण शेवटी मागे-पुढे करून शिवण पक्की करतो. इथे ते जमत नाही. म्हणून चिंधी कापताना दोऱ्यांची लांब शेपटी ठेवली आणि तिची गाठ मारली.

"आता ही शेवटची कडी कुठे ठेवायची?" मी विचारलं.

भाच्याने पँट उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, "कंबरेच्या पट्टीत! वरून दुसरी शिवण घातली, की ती दाबून बसेल."

शाब्बास! कारखान्यातही हीच युक्ती करतात. साखळीचं टोक दुसऱ्या शिवणीखाली जातं. ती आडवी शिवण म्हणजे सुतळीच्या शेवटच्या फासातून ओढलेलं टोक. मी पट्टी साध्या मशीनवर बंद केली. मागे-पुढे, मागे-पुढे, पक्की.

भाचेबुवांनी पँट घातली आणि माझ्यासमोर पंचवीस उठाबशा काढल्या. एवढ्या शिक्षा म्हणूनही कधी काढल्या नसतील! शिवण जागची हलली नाही. दुसऱ्या दिवशी प्रतिज्ञा सांगताना दुसऱ्या ओळीला त्याचा आवाज थोडा कापला, असं तो स्वतःच सांगत होता. पण पँटची काळजी म्हणून नाही. समोर अख्खी शाळा होती म्हणून.

आई-बाबांसाठी दोन शब्द. तयार कपडा कंबरेला किंवा कुशीला कमी करून घेतलात, तर घरी आणल्यावर तो एकदा उलटा करा. आत बारीक वेणी दिसते का, ती कुठे कापली आहे आणि नवी शिवण तिच्यावर दोन इंच तरी चढली आहे का, ते बघा. नसेल तर दुकानात परत द्या. पाच मिनिटांचं काम आहे. सुईदोरा घेऊन घरीही करता येतं. शिवणीतून दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं, तर "घाण दिसतंय" म्हणून ओढू नका. मुलांना सांगा, त्यांनीही ओढू नये. टोक सुईत ओवून चार टाके मागे फिरवा आणि गाठ मारा.

आणि मुलांनो, जून महिन्यात गेल्या वर्षीचा कपडा घट्ट झाला, की हाच टाका वेगळ्या तऱ्हेने कामाला येतो. शिंपीदादा वेणीचं शेवटचं टोक शोधून काढतात, ओढतात, आणि ब्लेड न लावता शिवण मोकळी होते. कापडाला इजा नाही. आत सोडलेल्या मायेतून पाव-अर्धा इंच वाढवतात आणि तुम्हांला कपडा आणखी एक वर्ष पुरतो. सहज उसवणं हा या टाक्याचा दोष की गुण, ते आता तुम्हीच ठरवा.

येत्या रविवारी एवढं करा. घरातले पाच कपडे उलटे करून बघा. साखळी टाका कुठे कुठे सापडतो, आणि प्रत्येक साखळीचं शेवटचं टोक कुणी धरून ठेवलंय, त्याची वहीत नोंद करा. जीन्सच्या पायाच्या आतल्या शिवणीपासून सुरुवात करा. तिथे बहुधा सापडेलच. आणि पुढच्या वेळी तांदळाची गोण आली, की कात्रीला हात लावण्याआधी आजीला हाक मारा. कोणतं टोक धरायचं ते ती तुम्हांला दाखवेल.